रानहळदीच्या पानांसाठी पाच दिवस

पहिला दिवस : रायबाग

मिरजेकडून येणारी गाडी रायबागला थांबली. भाची पाठीवर पोतं म्हणावं एवढी पिशवी घेऊन उतरली आणि पहिलं वाक्य बोलली ते "आत्या, छत्री आणलीस ना?" मी बेळगावहून तासभर आधीच येऊन थांबले होते. श्रावण लागून तीनच दिवस झाले होते, पण रायबागच्या आभाळात पावसाचं चिन्ह नव्हतं. आमच्या जिल्ह्याचं हे असंच आहे. पूर्वेला लोक विहिरीत वाकून पाणी बघत असतात आणि त्याच वेळी पश्चिमेला खानापुरात कौलांवर शेवाळ चढलेलं असतं.

भाची रानहळदीवर संशोधन करते. रानहळद आल्याच्या कुळातली आणि आपल्या हळदीच्याच गोत्रातली. सह्याद्रीत आणि दक्षिण भारतातल्या डोंगरांत ती आपोआप उगवते, इथं तिला कुणी आणून लावलेलं नाही. पावसाळी डोंगरउतारांवर, सड्यांच्या म्हणजे उघड्या कातळी पठारांच्या कडेला, जांभळाच्या आणि अंजनीच्या झाडांखाली ती दिसते. वेगवेगळ्या ठिकाणची रोपं आतून, म्हणजे जनुकांच्या पातळीवर, एकमेकांपासून किती वेगळी आहेत, हा तिचा प्रश्न. त्यासाठी पानं गोळा करायची होती. मी शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवलं आणि त्यात "आनुवंशिकता" हा धडा दरवर्षी वाटाण्याच्या आकृतीवर उरकला. म्हणून तिनं सोबत येतेस का विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं.

रान पश्चिमेला असताना आधी रायबागला कशाला, असं मी फोनवर विचारलं होतं. तिचं म्हणणं होतं की आधी शेतातली हळद बघ, मग रानातली समजेल.

आमच्या चुलत दिरांचं शेत स्टेशनपासून जवळच आहे. दोन एकर हळद, गादीवाफ्यावर, ठिबकवर. लागण जूनच्या सुरुवातीची, त्यामुळे पीक गुडघ्याच्या वर आलेलं. भावजींनी बांधावरच खतांची, भावाची, सांगलीच्या बाजाराची बोलणी सुरू केली. भाचीनं मध्येच विचारलं, "काका, बेणं कुठलं?"

"शेजाऱ्याचं. त्यानं सांगलीकडनं आणलंवतं. सेलम हाय."

"आणि त्यानं आणलं त्याचं बेणं?"

"तेच्याकडं कुठनं आलं ते कसं सांगणार? गड्डा लावायचा, गड्डा काढायचा. चालत आलंय."

भाचीनं एक पान बोटात धरलं. हळदीला फूल येतं पण बी धरत नाही, हे भावजींना ठाऊक होतं. बी का धरत नाही हे तिनं सांगितलं. हळदीच्या पेशीत ६३ गुणसूत्रं असतात, म्हणजे २१ चे तीन संच. बी तयार व्हायचं तर गुणसूत्रांच्या जोड्या लागाव्या लागतात, आणि तिघांच्या जोड्या नीट लागत नाहीत. म्हणून हळद माणसाच्या हातानंच पुढे जाते. जेठा गड्डा, नाहीतर बगल गड्डा ठेवायचा, पुढच्या वर्षी लावायचा. सगळं शेत म्हणजे खरं तर एकाच रोपाच्या हजारो प्रती. कधी काळी एखाद्या कोंभात बदल झाला, कुणा शेतकऱ्याच्या डोळ्यांना तो पटला आणि त्यानं तेवढंच बेणं वेगळं ठेवलं, अशा वाटेनंच वाण वेगळे होत गेले. राजापुरी, सेलम, टेकुरपेटा, कृष्णा ही नावं शेतकऱ्यांच्या तोंडी असतात, पण त्यांच्या आत डोकावलं तर फरक फार थोडा निघतो.

भावजी थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "म्हंजे कंदकुज एकाला लागली की सगळ्यास्नी लागती, ते ह्यामुळं?"

"बरंचसं ह्यामुळं. पाणी साचणं आहेच. पण एकाला जे सोसत नाही ते कुणालाच सोसत नाही."

मी तीस वर्षं जे शिकवलं ते बांधावरच्या माणसानं एका प्रश्नात पकडलं होतं. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही बेळगावला आलो. भावजींनी पातोळ्यांसाठी हळदीची पानं बांधून दिली, परवा पंचमी म्हणून. ओल्या फडक्यात गुंडाळली होती, तरी डब्यात वास दरवळत राहिला.

दुसरा दिवस : कुसमळी, जांबोटी, कणकुंबी

सकाळी सातला गाडी आली. ड्रायव्हर कन्नड बोलणारे, मराठी आमच्याइतकंच चांगलं. पिरनवाडी मागं पडली, किणये गेलं आणि पाऊस सुरू झाला. इथून पुढं चारही दिवस तो थांबला असं म्हणता येणार नाही, कमी-जास्त होत राहिला.

कुसमळीचा मलप्रभेवरचा पूल यायच्या थोडं आधी भाची ओरडली, "थांबा थांबा!" उजव्या हाताला रस्त्याच्या चरीवर, बांबूच्या बेटाखाली गुलाबी शेंड्या दिसत होत्या.

रानहळदीचं फूल ज्यानं जवळून पाहिलं नाही त्याला ती गुलाबी शेंडीच फूल वाटते. फुलं खाली असतात. दांड्यावर एकावर एक खवल्यांसारखी हिरवी पानं, प्रत्येकाच्या खोबणीत पावसाचं पाणी, आणि त्या खोबणीतून डोकावणारं पिवळंधमक फूल. अगदी वरच्या खवल्यांत फुलं नसतात. ते फक्त रंगतात, कुठं फिकट गुलाबी, कुठं जांभळट. लांबून मधमाशीला बोलावण्याचं काम त्यांचं. एक मधमाशी आत शिरताना आम्ही पाहिली. परागकोशाच्या बुडाशी दोन बारीक काटे असतात. मध प्यायला आत घुसताना माशीचा धक्का त्या काट्यांना बसतो आणि परागकोश तरफेसारखा झुकून तिच्या पाठीवर टेकतो. भाचीनं गवताच्या काडीनं तो काटा हलवून दाखवला. मी चिखलात गुडघे टेकून तीनदा बघितलं. इतक्या वर्षांत कुणा मुलाला तरफ शिकवताना हे दाखवता आलं असतं, असं सारखं वाटत राहिलं.

"आमच्याकडं ह्याला काडु अरिशिना म्हणतात," ड्रायव्हर म्हणाले. काडु म्हणजे रान. दोन्ही भाषांत नाव एकच निघालं.

ह्या रोपाला शास्त्रीय नाव मिळालं ते १८३९ मध्ये, जॉन ग्रॅहॅम ह्या मुंबईत टपालखात्यात काम करणाऱ्या माणसानं केलेल्या वनस्पतींच्या यादीतून. ती यादी छापली जात असतानाच तो वारला आणि निम्मो नावाच्या दुसऱ्या वनस्पतीप्रेमीनं काम पुरं केलं. पिवळ्या फुलाच्या एका रानआल्याला त्याच निम्मोचं नाव आहे आणि तेही ह्याच डोंगरांत उगवतं.

आता कामाची पद्धत. एका ठिकाणी दहा-बारा रोपं असली तरी भाची शेजारशेजारची घेत नाही. एका गड्ड्यालाच अनेक कोंभ फुटतात, वरून ती वेगळी रोपं दिसतात, खाली मात्र एकच असतात. म्हणून एक पान घेतलं की वीस पावलं मोजायची, मग दुसरं. पान कोवळं हवं, कोवळ्या पानात पिठूळ आणि चिकट द्रव्यं कमी असतात. हळदीच्या कुळात ही द्रव्यं इतकी की पुढे डीएनए वेगळा करताना ती त्याला बिलगून बसतात. पान कोरडं पुसायचं, फाडून कागदी पाकिटात घालायचं, पाकीट सिलिका जेलच्या मण्यांत. मणी पाणी शोषतात आणि पान दिवसभरात वाळतं. जितकं लवकर वाळेल तितका डीएनए शाबूत. मणी कोरडे असताना निळे असतात, भिजले की गुलाबी होतात.

कुसमळीला पाच पानं मिळाली. वीस पावलांचा नियम पाळला तर तिथं तेवढीच रोपं होती. जांबोटीला चहा घेतला, पुढच्या उतारांवर नऊ पानं झाली. काही शेंड्या जवळजवळ पांढऱ्या, काही गडद. हा रंगाचा फरक जनुकांचा की सावलीचा? भाची म्हणाली, डोळ्यांना दिसतो तो फरक नोंदवायचा, पण त्याच्यावर विसंबायचं नाही. रायबागच्या भावजींनीही सांगितलं होतं की एकच बेणं एका शिवारात जर्द निघतं आणि दुसऱ्यात फिकं.

दुपारी कणकुंबीला पोचलो. गावात माऊलीचं देऊळ आहे आणि मलप्रभा इथंच उगम पावते. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचं घर आहे तिथं. त्याची आई आणि आजी घरी होत्या. तीन रात्री आम्ही त्यांच्याकडेच राहिलो.

तिसरा दिवस : नागपंचमी

रात्रभर पाऊस. सकाळी उठून भाचीनं डबा उघडला तर निळ्या मण्यांपैकी अर्धे गुलाबी झालेले. इथल्या हवेतच इतकी ओल की झाकण दोनदा उघडलं तरी पुरे. मणी तापवले की पुन्हा निळे होतात, म्हणून तिनं एक जुना लोखंडी तवा बरोबर आणला होता. स्वयंपाकाचा तवा ह्या कामाला चालत नाही, त्या निळ्या रंगात कोबाल्टचा क्षार असतो आणि तो पोटात जाता कामा नये. तवा घेऊन ती मागच्या चुलीशी गेली.

आजी उंबऱ्यातच उभ्या राहिल्या. "पोरी, आज तवा चुलीवर चढत नाय."

पंचमीला चिरायचं नाही, खणायचं नाही, तवा ठेवायचा नाही. मला हे सगळं माहीत होतं आणि तरी कालपासून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. भाचीनं तवा खाली ठेवला. तिच्या चेहऱ्यावर पाकिटांची काळजी होती, पण ती एक शब्द बोलली नाही. पाकिटं तिनं चुलीच्या वरच्या माळ्यावर, जिथं मिरच्या आणि कोकम वाळत असतात, तिथं ओळीनं मांडली. दिवसभर ना गड्डा खणायचा, ना पान खुडायचं. आम्ही घरात बसलो आणि माझ्या मते ह्या पाच दिवसांतला सगळ्यात मोलाचा दिवस तोच ठरला.

पातोळ्या करायला मी बसले. तांदळाचं पीठ हळदीच्या पानावर पातळ लिंपायचं, त्यावर गूळ-खोबरं, पान दुमडायचं आणि मोदकपात्रात वाफेवर. आजीनं रायबागचं पान नाकाशी धरलं. "घाटाखालच्या पानाला वास ज्यास्ती असतो. हे पण बरं हाय." मी विचारलं, रानहळदीच्या पानात पातोळ्या होतात का? आजी हसल्या. "तेला तो वास खय? रानहळद वेगळ्या कामाची."

मग त्या कामांचं सांगणं सुरू झालं. पाय सुजला, मुका मार लागला की गड्डा उगाळून लेप. आणि त्यांच्या लहानपणी, भाताला उशीर झाला की श्रावण-भादव्यात रानहळदीचे कंद उकडून खायचे. हे कंद मुळांच्या टोकांना लोंबतात, बदामाएवढे, आत पांढरे. गड्डा वेगळा आणि कंद वेगळे. आजीनं हात पसरून बोटं खाली सोडली, तळहात म्हणजे गड्डा आणि बोटांची टोकं म्हणजे कंद.

"खणताना आईला धक्का लावायचा नाय. आईचा गड्डा ठेवायचा, पोरं तेवढी घ्यायची. आणि सगळ्या ठिकाणाला हात लावायचा नाय. एका साली हे, दुसऱ्या साली ते."

"कुणी शिकवलं?" भाचीनं विचारलं.

"कोण शिकवणार? माझी सासू असंच करायची."

भाचीनं वही काढली आणि जसंच्या तसं लिहून घेतलं. नंतर ती मला म्हणाली की हा नियम फक्त रोपांची संख्या राखत नाही. गड्डा राहिला तर पुढल्या वर्षी फूल येतं, आणि रानहळदीला, शेतातल्या हळदीला धरत नाही ते बी धरतं. तिच्यात ४२ गुणसूत्रं, २१ च्या जोड्या व्यवस्थित लागतात. परागण झालं की बी, आणि प्रत्येक बी म्हणजे आईबापांपेक्षा वेगळं रोप. गड्ड्यातून येते ती प्रत, बियांतून येतो तो नवा जीव. रानात ह्या दोन्ही गोष्टी एकत्र चाललेल्या असतात, कुठं किती हे डोळ्यांना कळत नाही. त्यासाठीच ती पानं.

मी विचारलं, पानातून ते कळतं कसं? पावसाच्या आवाजावर मात करत तिनं सांगितलं. वाळलेलं पान कुटायचं, गरम द्रावणात ठेवायचं, क्लोरोफॉर्मनं प्रथिनं बाजूला काढायची, मग थंड अल्कोहोल घातलं की डीएनए पांढऱ्या धाग्यांसारखा दिसतो. त्यातले ठरावीक तुकडे यंत्रात लाखो पटींनी वाढवायचे आणि जेलीसारख्या थरातून विजेच्या प्रवाहानं सरकवायचे. लहान तुकडे पुढे पळतात, मोठे मागे राहतात, पट्टे उमटतात. दोन रोपांचे पट्टे तंतोतंत जुळले तर ती एकाच गड्ड्याची असण्याची शक्यता मोठी. जितके पट्टे वेगळे तितकं नातं लांबचं.

औषधाच्या दृष्टीनं ह्याचं महत्त्व मला आजीच्याच बोलण्यातून कळलं. त्यांनी सांगितलं होतं की ओढ्यापलीकडचा गड्डा "लागू पडतो", अलीकडचा नाही. जमिनीचा फरक असेल, रोपाचा असेल. पण बाजारात गड्डा काप करून वाळवला की रानहळद, आंबेहळद, कचोरा सगळे जवळपास सारखेच दिसतात आणि कुठला कुठून आला हे कुणी सांगू शकत नाही. हळदीच्या गोत्रात तर जाती ओळखण्याच्या ठरलेल्या डीएनए खुणाही पुष्कळदा अपुऱ्या पडतात, कारण जुन्या काळापासून ह्या जातींचे आपसात संकर होत आले आहेत.

चौथा दिवस : चोर्ल्याच्या सड्यावर

तवा पहाटेच चढला. मणी निळे झाले. पण कुसमळीच्या पाचपैकी चार पाकिटांतली पानं काळी पडली होती, बुरशीचा पांढरा पुंजका दिसत होता. भाचीनं ती बाजूला काढली. परतीच्या वाटेवर पुन्हा घेऊ, असं ठरलं.

दिवसभर आम्ही चोर्ल्याच्या अलीकडच्या सड्यांवर होतो. भीमगड अभयारण्य, ज्याला २०११ मध्ये तो दर्जा मिळाला, त्याच्या आत आम्ही गेलो नाही. वनखात्याचं पत्र बाहेरच्या जागांपुरतं होतं.

धुकं इतकं की दहा पावलांवर भाचीची फक्त लाल छत्री दिसे. जांभ्या दगडाचा सपाट सडा, त्यावर पाण्याच्या थाळ्या, आणि कडेला जिथं दगड संपून माती सुरू होते त्या चिंचोळ्या पट्ट्यात रानहळद. एका जुन्या, जमिनीलगतच्या दांड्यावर फळं पिकली होती. रानहळदीला पावसाळ्याच्या तोंडाला बुडाशी फुलोरा येतो आणि नंतर पानांच्या मधोमध दुसरा. हा पहिला होता. बोंड फुटलेलं, आत तपकिरी बिया आणि प्रत्येक बीला पांढरा मांसल पदर. मुंग्या त्या पदराला धरून बी ओढत होत्या. एक मुंगी बी घेऊन निघाली तिच्यामागं मी गेले. दीड हातावर दगडाच्या भेगेत ती दिसेनाशी झाली.

बी जातं ते दीड हात. मधमाशी थोडी लांब जाते, पण मध्ये उघडा दगडी सडा आला, पलीकडे शेत आलं, रस्ता आला तर तीही किती जाणार? म्हणजे प्रत्येक सड्याची कडा हे एक बेट. मलप्रभेचं पाणी इथून पूर्वेला कृष्णेकडे आणि तिथून बंगालच्या उपसागराला जातं, म्हादईचं पाणी ह्याच तालुक्यातून पश्चिमेला गोव्यातून अरबी समुद्राला. रोपांच्या वाटाही अशाच फुटल्या असतील का? एका उतारावरच्या रानहळदीत जे आहे ते दुसऱ्या उतारावरच्यात नसेलही, आणि एक जागा गेली तर दुसरीकडून ते भरून येणार नाही. ती जात "सगळीकडे दिसते" म्हणून निर्धास्त राहणं किती चुकीचं आहे ते मला त्या धुक्यात उभं राहून कळलं. महाबळेश्वरकडची चवर, जिच्या गड्ड्याची तवकीर करतात, तीही ह्याच गोत्रातली. ती थोड्याच पठारांपुरती राहिली आहे म्हणून तिच्याबद्दल लोक बोलतात तरी. रानहळदीबद्दल कोण बोलतो?

वीस पानं झाली. पायांना जळवा किती लागल्या ते मोजलं नाही.

पाचवा दिवस : पुन्हा कुसमळी

आजींच्या पाया पडून निघालो. त्यांनी भाचीच्या हातात कोकमं दिली आणि पुन्हा सांगितलं, "आईला धक्का नाय."

कुसमळीचा पूल ओलांडला. ड्रायव्हरनी गाडी हळू केली, मग थांबवली, मग मागं घेतली. जागा सापडत नव्हती. बांबूचं बेट होतं, त्याच्या खालची चर नव्हती. तीन दिवसांत तिथं यंत्र येऊन गेलं होतं. रस्त्याच्या कडेची माती पाणी वाहून जावं म्हणून खोल खरवडलेली, लालभडक, आणि काढलेला राडारोडा पलीकडे ढिगानं टाकलेला. कामगार कुणी नव्हते. ज्यांनी केलं त्यांनी गटार साफ केलं, त्यांच्या लेखी ते गवत होतं.

भाची ढिगावर चढली. हातानंच माती उकरायला लागली. मीही. ड्रायव्हर थोडा वेळ बघत राहिले, मग डिकीतून टामी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन आले आणि मोठी ढेकळं फोडू लागले. पहिला गड्डा त्यांनाच सापडला, अर्धा चिरलेला, पण कोंभ शाबूत. नंतर एकेक करत अकरा निघाले. काहींच्या मुळांना कंद तसेच लोंबत होते, आजींच्या बोटांसारखे. फुलांच्या दांड्यांचा चेंदामेंदा झाला होता. एक गुलाबी शेंडी तेवढी मातीत उठून दिसत होती.

गड्डे घरी न्यायचे नाहीत, हे भाचीनं लगेच सांगितलं. ते इथलेच, इथंच राहिले पाहिजेत. रस्त्यापासून वर, बांबूच्या मागं, जिथवर यंत्राचा हात पोचणार नाही अशा उतारावर आम्ही टामीनं खड्डे केले. वीस पावलांची जागा नव्हती, पाच-पाच पावलांवर लावले. प्रत्येकाचं एक पान, जे अजून हिरवं होतं, पाकिटात गेलं. तीन गड्ड्यांना पानच उरलं नव्हतं. त्यांच्या मुळाचा तुकडा घेतला.

दुसऱ्या दिवशीच्या पाच पानांपैकी वाचलेलं एक पाकीट पिशवीत होतं. ते ह्या अकरांतल्या कुणाचं, की अकरांत नसलेल्या कुणाचं, हे आता प्रयोगशाळेतच कळेल. भाचीनं गुडघ्यावर वही ठेवली, पावसाचे थेंब पडू नयेत म्हणून मी छत्री धरली. तिनं तारीख घातली, ठिकाण लिहिलं : कुसमळी, पुलाच्या बेळगावकडच्या बाजूला, बांबूखाली. पुढे लिहिलं, गड्डे ११. त्याच्या शेजारी "रोपे" असा रकाना होता. तो तिनं मोकळा ठेवला.